दशीची गाठ

आमच्या जिल्ह्याच्या इस्पितळामागे एक लांबट घर आहे. पत्र्याचं छप्पर, ओळीने खाटा, पुढे ओटा आणि मागे चुलीची खोली. डोंगरातल्या ज्या बायांचं बाळंतपण अवघड जाईल असं वाटतं, त्यांनी दिवस भरायच्या आधी तिथे येऊन राहायचं आणि कळा सुरू झाल्या की अंगण ओलांडून लेबर रूममध्ये जायचं, एवढंच त्या घराचं काम. पाटीवर सरकारी भाषेत त्याचं भलंमोठं नाव रंगवलंय. बाया त्याला थांब्याचं घर म्हणतात. तिथे रांधणारी बाई मी होते. होते म्हणतेय, लक्षात ठेवा.

माझं नाव योसिना. टिमोरच्या या डोंगरात जन्मले, इथेच मरणार. तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगते, मागाहून कोणी नाक मुरडायला नको. जे सांगणार आहे ते इथे कोणापाशी बोलायची सोय नाही. तुम्ही समुद्रापलीकडचे, तुम्हाला सांगितलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

थांब्याच्या घरात बाई आली की पहिले काही दिवस नुसती रडते. घरी कोंबड्या कोण कोंडेल, मोठं पोर कोणाच्या कुशीत झोपेल, नवऱ्याला मका कोण कांडून देईल. मी म्हणायचे, "रड बाई, पोटभर रड, पण ताटली चाटूनपुसून ठेव. पोटातल्याला तुझ्या रडण्याने दूध मिळत नाही." मग ती हसायची, निदान चिडायची तरी. दोन्हीपैकी काहीही झालं की मला बरं वाटायचं. कांडलेला मका आणि शेंगांचे दाणे मी सकाळीच शिजत घालायचे आणि बाया चुलीभोवती येऊन बसायच्या. पानसुपारी निघायची. कोणाचा नवरा घोरतो, कोणाची सासू मीठ मोजून देते, सगळ्या जिल्ह्याची उखाळीपाखाळी माझ्या चुलीपाशी व्हायची. मला घरचं असं कोणी उरलं नव्हतं. नवरा लवकर गेला, लेक नंतर गेली. तेव्हा ती चूल म्हणजेच माझं घरदार होतं म्हणा ना.

लेकीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिचं नाव ओर्पा. पहिलटकरीण होती, सासरी होती, आणि अडली. आता आमच्यात बाई अडली की आधी तोंड उघडावं लागतं. मनात दडवलेलं पाप सगळ्यांसमोर बोलून टाकायचं, त्याला नाकेती म्हणतात. नवरा बोलतो, सासरचे बोलतात, पण सगळ्यांचे डोळे असतात तिच्यावर. पाप बाहेर आलं की पोर बाहेर येतं. पाप आत ठेवून सुरी लावली तर बाई सुरीखालीच जाते, असं मानतात. मानतात कशाला, मीही मानते. अर्धवट का होईना, मानते. आमच्याकडे बाळंतपण चुलीच्या गोल घरात करतात, त्या घरात, धुरात ओर्पाला बसवून सगळ्या जणी म्हणत राहिल्या, बोल, बोल. इस्पितळात न्यायची गाडी दारात उभी होती. पण आधी तोंड, मग गाडी, असं थोरांचं ठरलं होतं. माझी पोर बोलली नाही, कारण बोलण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. मी शहरात बाजाराला गेले होते. निरोप मिळून पोचले तोवर तिच्या तोंडावरून कापड ओढलं होतं. आणि मेल्या बाया मलाच सांगायला लागल्या की तुझी पोर गुपित पोटात घेऊन गेली. अजूनही सांगतात. संताप येतो हो.

त्यानंतर मी या इस्पितळात आले आणि इथलीच झाले.

नवे डॉक्टर जावाहून आले, गलिह त्यांचं नाव. काडीसारखा माणूस, बोलणं इतकं हळू की कान पुढे करावा लागायचा. पण कामात एकदम कडक. त्यांच्याआधी इथे बाईला रक्त लागलं की नातेवाईक बाजारात धावत सुटायचे, या दुकानात, त्या दुकानात, कोणी रक्त देता का म्हणून. ते परत येईपर्यंत बाई पांढरी पडलेली असायची. गलिह डॉक्टरांनी ठरवलं की थांब्याच्या घरात पाय ठेवला की त्याच आठवड्यात तिच्या रक्ताला जुळणारी दोन माणसं शोधून ठेवायची. चर्चमधली पोरं, चौकीतले शिपाई, कोणीही. बाळंतिणीखाली खुणा केलेली पिशवी पसरायची, म्हणजे किती रक्त गेलं ते दिसतं, अंदाजावर बसायचं नाही. आणि कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या घरचं एक माणूस बसू द्यायचं. आधी नातेवाइकांना दारातच अडवायचे आणि बाया आत एकट्या ओरडायच्या. हा नियम झाला त्या दिवशी मी डॉक्टरांना मनातल्या मनात ओवाळलं.

आमच्या सिस्टर रिबका इथल्याच, डोंगरातल्या. डॉक्टरांना नाकेती म्हणजे काय ते त्यांनीच समजावलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही, प्रार्थना करू द्या, पण वेळ जाता कामा नये." सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. नाकेतीला कधी घड्याळ असतं का!

तर अशा त्या घरात फिना आली. पूर्ण नाव आदोल्फिना, पण एवढं लांब नाव हाक मारायला कोणाला वेळ आहे? मालट्रकमधून मक्याच्या पोत्यांवर बसून एकटीच आली. पहिलं पोर पोटातच गेलेलं आणि तिच्या अंगावरून इतकं गेलं होतं की ती वाचली हेच नवल. नवरा मेल्की मलेशियात, ताडाच्या मळ्यात राबायला. नाताळला घरी आला होता, नव्या वर्षात परत गेला. ती ट्रकमधून उतरली ती एका हाताने पोट धरून आणि दुसऱ्या हातात कोंबडी.

"ही कशाला आणलीस?" मी विचारलं.

"एकटी कशी येणार, मावशी? सोबत नको?"

मला हसूच आवरेना. ती कोंबडी पुढे आम्ही कापली नाही. फिनाने कापू दिली नाही.

चणीने ती ओर्पासारखी होती. चेहरा वेगळा, पण पाठमोरी बसली की माझ्या छातीत धस्स व्हायचं. दिवसभर माझ्याच मागेपुढे करायची. दाणे निवडायची, राख काढायची, नको म्हटलं तरी विळा हातात घ्यायची.

"अगं, तू इथे आराम करायला आलीस की माझी नोकरी खायला?"

"तुमची नोकरी नको बाई. तुमचा मका शिकवा. हा खाऊन घरी गेले की सासू मला ओळखणार नाही."

"ओळखेल. तुझी टकळी चालू झाली की लांबूनच ओळखेल."

मी बायांची कापडं धुवायचे. फिनाचं स्वतःच्या हाताने विणलेलं कापड होतं, लाल, त्याला बारीक दशा. ती म्हणायची, ते मला शेवटी अंगावर हवं, पोर झाल्यावर त्यातच गुंडाळीन. मग ते मी वेगळं धुवायचे, सावलीत वाळवायचे. एकदा मी तिच्या ताटलीत आणखी डावभर मका वाढला तेव्हा ती तोंडात घास ठेवून म्हणाली, "बस ना, आई." आणि लगेच जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. त्या दिवशी भांडी घासताना मी मोठमोठ्याने गाणं म्हणत होते म्हणे. सिस्टरांनीच सांगितलं मला.

मग बाजाराच्या दिवशी तिची सासू आली. डोर्कास. अंगाने आडवी, तोंड पानाने लाल, आणि बोलायला लागली की ओट्यावरच्या सगळ्या बाया गप्प. मी रिवाजाप्रमाणे पानाचा बटवा पुढे केला. तिने तो बघितला आणि कमरेचा स्वतःचा बटवा काढला. आमच्यात याहून मोठा अपमान नाही. मी गिळला.

ती फिनासमोर बसली आणि बोटं मोडून महिने मोजायला लागली. "माझा मेल्की गेला त्याला किती झाले? आणि हे पोट अजून असंच? डॉक्टर म्हणतात अजून अवकाश आहे? कसा अवकाश आहे? कोणाच्या हिशेबाने?"

फिना मान खाली घालून म्हणाली, "आई, सिस्टरांना विचारा ना. त्यांनी पोटावर यंत्र लावून बघितलंय."

"यंत्राला काय कळतंय पोर कोणाचं ते?"

माझ्याने राहवलं नाही. "अहो, कोणीतरी तुमचं तोंड शिवून टाकायला हवं," मी म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

डोर्कास माझ्याकडे वळली. "तूच ना ती? लेक बाळंतपणात गेली ती? आपली गेली म्हणून दुसऱ्यांच्या पोटांकडे टक लावून बसणारी?"

ओट्यावरच्या बायांनी माना खाली घातल्या. फिनानेसुद्धा. मला कळून चुकलं की हे काही डोर्कासच्या डोक्यातून आज निघालेलं नाही. माझ्या माघारी माझ्याबद्दल हे आधीपासून बोललं जात होतं. माझाच मका खाऊन, माझ्याच चुलीपाशी बसून.  आत जाऊन मी चुलीत उगाच फुंकर मारत बसले, डोळे धुराने भरले असं म्हणता यावं म्हणून.

डोर्कास परत गेलीच नाही. सुनेजवळ थांबते म्हणाली.

फिनाच्या कळा रविवारी पहाटे सुरू झाल्या. चर्चची घंटा वाजली तेव्हा पाणमोट फुटली होती. लोक चर्चमधून घरी गेले, जेवले, तरी पोर खाली सरकेना. घरचं एक माणूस आत बसू द्यायच्या त्या नियमाने डोर्कास उशापाशी बसली होती. मी गरम पाण्याच्या बादल्या नेताना दारातून बघत होते. ती फिनाचे केस हातात घेऊन, दातओठ खात नाही हो, अगदी प्रेमाने म्हणत होती, "सांग बाळ, नाव सांग. एकदा नाव सांग की सुटशील." त्या बाईला खरंच वाटत होतं की ती सुनेला वाचवतेय. एखादी दुष्ट असती तर मी तिला ढकलून बाहेर काढली असती.

गलिह डॉक्टरांनी तपासलं, पोराचे ठोके ऐकले आणि म्हणाले, "सिझर करावं लागेल. आत्ताच." खोली तयार होती, रक्त देणारे दोन शिपाई आधीच येऊन बाकावर बसले होते. सगळं होतं. फिनाची सही तेवढी नव्हती.

"मी सही नाही करणार," फिना म्हणाली. ओठ कोरडे पडले होते. "आत असताना सुरी लावली तर मी मरेन."

"काय आत असताना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला माहीत नाही. पण काहीतरी असेल ना? नाहीतर हे येत का नाही?"

सिस्टर रिबका तिच्याजवळ वाकल्या. "फिना, पोर आडवं झालंय. पाप वगैरे काही नाही गं. माझ्यावर विश्वास ठेव."

"माझी पहिली पण अशीच गेली, सिस्टर. तेव्हा पण मी काही बोलले नव्हते."

डॉक्टर नेहमी हळू बोलणारे, त्या दिवशी त्यांचा आवाज फाटला. ते डोर्कासला म्हणाले, "तुम्ही सांगा तिला! पोराचे ठोके उतरतायत. नंतर तीही जाईल. कळतंय का तुम्हाला?" डोर्कास रडायला लागली. "डॉक्टर, मी सुरीला नाही म्हणत नाही. तिने आधी बोलावं एवढंच म्हणते. तोंड मिटून तिला आत पाठवू कशी?"

फिनाने मान वळवली आणि मी दारात दिसले. "मावशी," ती म्हणाली, "काय सांगू? माझ्याकडे काहीच नाही सांगायला. कोणाचंही नाव सांगू का?"

 बादली खाली ठेवताना सांडली. तिने कोणाचंही नाव घेतलं असतं तर कोण जाणे काय झालं असतं. त्या माणसाच्या दारात कोयते घेऊन लोक गेले असते. पोर बिननावाचं राहिलं असतं. मेल्की परत आलाच नसता. आणि नाव घेतलं नसतं तर ओर्पा. माझी ओर्पा पुन्हा एकदा, आणि यावेळी मी बाजारात नव्हते, दारातच होते.

मी धावले. या वयात मी धावले ते बघून शिपाई उठून उभे राहिले. मागच्या अंगणात दोरीवर फिनाचं लाल कापड वाळत होतं. ते ओढलं, त्याच्या दोन दशा एकत्र धरल्या आणि गाठ मारली. घाईत पहिली गाठ सुटलीच. दुसरी ओली करून, दाताने आवळून मारली. मग कापड घेऊन आत गेले आणि फिनाच्या खाटेपाशी गुडघ्यांवर बसले.

"तिचं काही नाही," मी म्हटलं. "माझं आहे. मी करणी केली."

डोर्कासचा हात सुनेच्या केसांवरून उडाला.

"माझी लेक गेली. मला हिच्या पोटाचा हेवा वाटला. हिचं कापड मीच धुते, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या दशीला मी गाठ मारली आणि म्हटलं, माझ्या लेकीचं जसं अडलं तसं हिचं अडू दे. आणि डोर्कासबाई, तुमचं तोंड शिवावं असं मी म्हटलं होतं ना, तेव्हाच मनात धरलं होतं. ही बघा गाठ."

सगळ्यांना गाठ दिसेल असं मी कापड वर धरलं. खोट्या नाकेतीने बोलणाऱ्याचा वंश बुडतो असं आमच्यात म्हणतात. माझा बुडालेलाच होता, आणखी काय बुडायचं राहिलं होतं? 

"मीच सोडते आता," मी म्हटलं आणि गाठ सोडायला लागले. दाताने आवळलेली, ती काही सुटेना. नखाने ओढते, सुटेना.  डोर्कास म्हणत होती, "सोड, सोड, चेटके, सोड लवकर!" शेवटी सुटली. मी ओल्या हाताने फिनाच्या पोटावर पाणी चोळलं, नाकेतीनंतर चोळतात तसं, आणि म्हटलं, "जा आता. आत काही राहिलं नाही."

फिना माझ्याकडे बघत होती. ते बघणं मी विसरणार नाही. राग नव्हता त्यात. बाई सापाकडे बघते तसं बघत होती. मग तिने सिस्टरांकडे हात पुढे केला आणि म्हणाली, "कुठे सही करायची?"

पुढचं मी अंगणातून ऐकलं. खाट ढकलत नेली, दार बंद झालं. पहिला शिपाई आत गेला, मग दुसरा. बरंच रक्त गेलं, पण पिशवीवरच्या खुणा बघून डॉक्टरांनी वेळेवर ओळखलं आणि रक्त हाताशी होतंच. कोणाला बाजारात पळावं लागलं नाही. मी चिंचेच्या झाडाखाली बसले होते. पोर रडल्याचा आवाज आला. मुलगी होती. थोड्या वेळाने सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "दोघी ठीक आहेत." माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच मातीत आडवी झाले.

सिस्टर माझ्याजवळ बसल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मावशी, सकाळी दोरीवरचं कापड मीच उलटं केलं होतं. त्याला गाठ नव्हती."

"होती," मी म्हटलं.

"नव्हती, मावशी."

"रिबका, तू शिकलेली आहेस, पण मूर्ख आहेस. तू हे बोललीस आणि तिच्या कानावर गेलं तर पुढच्या खेपेला ती पोर पुन्हा अडेल. मग तुझे डॉक्टर कुठल्या कागदावर सही घेणार? गाठ होती. मी मारली होती. संपलं."

सिस्टर रडल्या. मी नाही रडले. तेव्हा मला वाटत होतं, आठवडाभर लोक बोलतील आणि मग विसरतील. माझी अक्कल ती किती!

दुसऱ्या दिवशी मी मका शिजवला. मोठं पातेलं भरून, नेहमीसारखा. एकही बाई चुलीपाशी आली नाही. ओट्यावर डोर्कासने कुठूनतरी उकडलेली रताळी आणली होती, ती सगळ्या जणी वाटून खात होत्या. मी पातेलं उचलून बाहेर नेलं, म्हटलं, "अगं, खा गं, विष नाही घातलं." एक जण खाटेवर चढून भिंतीला टेकली आणि पोटावर दोन्ही हात धरले. तो मका मी संध्याकाळी डुकरांना घातला. फिनाची कोंबडीही डोर्कासने दोरी बांधून आत नेली होती, माझ्या अंगणात फिरायला नको म्हणून.

गलिह डॉक्टरांनी मला बोलावलं. "योसिनाबाई, तुम्ही खरंच काही केलं होतं का? काही खायला-प्यायला दिलं होतं?" भला माणूस, त्याला विचारावंच लागलं. मी नाही म्हटलं, फक्त गाठ. ते डोळे चोळत म्हणाले की गाठीने काही होत नाही. मी म्हटलं, "होय डॉक्टर." त्यांनी मला काढून टाकलं नाही. पण रांधायला दुसरी बाई ठेवावी लागली, नाहीतर बाया उपाशी राहिल्या असत्या. मला लेबर रूमच्या चादरी धुवायला दिल्या. रक्ताच्या चादरी धुवायला तशीही कोणी तयार नसतं.

फिना घरी गेली त्या दिवशी मी अंगणाच्या कडेला उभी होते. बाळ त्या लाल कापडात होतं. माझ्याजवळून जाताना तिने कापडाचं टोक पोरीच्या तोंडावर ओढलं. मला पोरीचा कानसुद्धा दिसला नाही.

त्या प्रकारानंतर सिस्टर रिबका डॉक्टरांशी भांडल्या, पाद्र्यांशी बोलल्या आणि एक नवी पद्धत पाडली. आता थांब्याच्या घरात बाई आली की थोड्याच दिवसांत शनिवारी तिच्या सासरच्यांना, माहेरच्यांना बोलावतात. पाद्री मध्ये बसतात. ज्याला जे बोलायचं ते तेव्हाच बोलायचं, नाकेती तेव्हाच उरकायची, रडायचं, भांडायचं, जेवायचं. मग कळा सुरू झाल्या की तोंड उघडायचं काही उरत नाही, नुसती सही. डॉक्टर म्हणाले की रक्त आधी शोधतो तसंच हे, आधी करून ठेवायचं. तेव्हापासून आमच्या इस्पितळात बोल, बोल म्हणत कोणाला अडवून ठेवलं नाही. आजूबाजूच्या इस्पितळांतली माणसं बघायला येतात. मला अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. पहिल्या शनिवारी सिस्टर माझ्याकडे आल्या, पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभ्या राहिल्या.

"मावशी, त्या दिवशी जरा… मागेच थांबाल ना? बाया घाबरतात."

"थांबते की," मी म्हटलं. "चादरी काय कमी आहेत?"

तेव्हापासून शनिवारी मी मागेच असते. सिस्टर कधीकधी माझ्या बटव्यातलं पान खातात. त्यांना पान सोसत नाही, खोकतात, तरी खातात. पण तेही दार लावून. बाजारात माझ्याशी कोणी बोलत नाही, चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नाही. एखादी बाई अंगणातून चालली असेल तर मला बघून पोटावर हात ठेवते. सुरुवातीला मी घरी जाऊन भांडायचे, भिंतीशी, ओर्पाच्या फोटोशी. आता भांडत नाही. खूप दिवस कोणाशी बोललं नाही की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो.

यंदा फिना परत आली. तिसरं बाळंतपण. या वेळी मेल्की सोबत होता, मलेशिया सोडून आलाय. दिवस भरायच्या कितीतरी आधी आली, कोणी सांगायला लागलं नाही. मी चादरी पिळत होते, ट्रकमधून उतरताना बघितलं. तब्येत भरलीय. सोबत ती मुलगी. नाव काय ठेवलंय म्हणाल? डोर्कास. ठेवणारच!

पोरगी भारी आगाऊ आहे. दुसऱ्याच दिवशी फिरत फिरत माझ्या धुण्याच्या दगडापाशी आली आणि साबणाच्या पाण्यात हात घालून उभी राहिली. मी चादर घासत राहिले. तिने माझ्या हाताला हात लावला आणि म्हणाली, "थंड आहे."

"हो गं," मी म्हटलं. तेवढंच.

ओट्यावरून फिना ओरडली. "डोर्सी! तिकडे जाऊ नकोस! ए बाई, सोड तिला!" केवढा तो आवाज! इस्पितळाच्या खिडक्यांतून माणसं बघायला लागली. मी दोन्ही हात वर धरून मागे सरकले. फिना पोट सावरत धावत आली, पोरीला उचललं आणि माझ्या हाताला लागलेला तिचा हात आपल्या कापडाच्या दशांनी खसाखसा पुसला. मी काही लांब नव्हते. तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता मला.

महिनाभर ती त्या घरात राहिली. दिवसातून कितीदा तरी पोरीवर ओरडायची, तिकडे जाऊ नकोस, ती बाई वाईट आहे. मी चादरी धुता धुता ऐकायचे. मेलेली बाई ओरडत नाही, हे मी मनाला रोज सांगायचे. पण तेवढं ऐकून माझं भागतं असं म्हणाले, तर ती माझी दुसरी खोटी नाकेती होईल.